आमच्या तंबूत अप्पा

आम्ही निघालो त्या सकाळी अप्पा नव्या स्लॅबवर उभे राहून पाणी मारत होते. खाली जीप उभी होती. तिच्यात आमच्या दोन सॅक आणि आईनं फडक्यात बांधून दिलेली कडक भाकरीची चवड. माझा नवरा मल्लू ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला होता. मी अंगणातून हाक मारली, "अप्पा, येतो आम्ही." त्यांनी पाइपाचं तोंड वळवलं नाही. वरूनच म्हणाले, "वरची खोली तुमच्यासाठी बांधायलोय, अन् तुम्ही घर सोडून जायलाव. कामून?"

मी जीपमध्ये जाऊन बसले. त्या 'कामून'चं उत्तर आज तरी नीट देता येईल का, माहीत नाही. पण आमच्या मुडबी गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनी हे वाचावं असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आमचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. पावसाळा सोडला तर सगळं वर्ष बाहेर, आज या शिवारात पाल ठोकायचं, उद्या त्या. अप्पांचं लहानपण आणि तरुणपण त्यातच गेलं. मी शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हा त्यांनी मेंढरं विकली, थोडं रान घेतलं, दोन खोल्या बांधल्या. म्हणायचे, "पोरीला एका जागी बसून शिकू दे." मी शिकले. दहावीच्या पुढं जाणारी आमच्या घरातली मी पहिली. कलबुर्गीच्या हॉस्टेलवर राहून बी.ए. केलं. अप्पांनी स्वतःचं हिंडणं थांबवलं म्हणून मी कॉलेजात पोचले, आणि कॉलेज संपल्यावर मी हिंडायला निघाले. त्यांना काय वाटलं असेल, ते त्या सकाळी मला पुरतं कळलं नव्हतं.

मल्लू आमच्याच भागातल्या कोहिनूर गावचा. हैदराबादला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. लग्नानंतर ऑफिसमधल्या लोकांबरोबर आम्ही एकदा हिमाचलला गेलो. तोवर मी चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे बसवकल्याणचा किल्ला. आमच्याकडची जमीन लाल आणि सपाट. नजर जाते तिथपर्यंत तूर नाहीतर ज्वारी. त्या डोंगरावर पहिल्या दिवशी मला दम लागला, ओकारी झाली. तरी खिंडीत पोचले आणि पलीकडं बघितलं, तेव्हा मी मोठ्यानं हसले. का, ते मलाही कळलं नाही. मल्लू म्हणाला, "तुला इतकं हसताना मी लग्नातबी बघितलं नव्हतं."

पुढं त्याला घरून काम करायची मुभा मिळाली. मी कन्नडमधून मराठीत भाषांतराची कामं घेऊ लागले. हैदराबादची खोली सोडली, फ्रीज आणि पलंग मित्रांना दिले, आणि मुडबीला निरोप घ्यायला गेलो, तीच ती स्लॅबवरची सकाळ. तेव्हापासून आमचं बिऱ्हाड पाठीवर आहे. नेपाळ झालं, किर्गिझस्तान झालं, पेरूचे डोंगर झाले. उंचावर हवा विरळ झाली की मल्लू मुका होतो आणि मी बडबडते. रोज सकाळी कोण आधी उठून स्टोव्ह पेटवणार यावरून आमची भांडणं होतात. पेरूमध्ये कॅम्पवर मी मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या, तर शेजारच्या तंबूतल्या दोन जर्मन बायका शिकायला बसल्या. त्यांच्या भाकऱ्या फाटत होत्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडायला घाबरणारी मी, मोडक्या इंग्रजीत त्यांना ओरडत होते, "हळू, हळू, कडेनं थापा!" एम.ए. मी अजून बाहेरून करते आहे. पुस्तकं फोनमध्ये असतात, परीक्षेला परत येते.

परीक्षेला आले की गावात व्हायचं ते व्हायचंच. काका ओट्यावर बसून म्हणायचे, "कुठं टाकलंय पाल यंदा? मेंढरं तेवढी न्हाईत, बाकी सगळं आपल्या आज्यासारखंच चाललंय की!" लोक हसायचे. अप्पा हसायचे नाहीत. उठून रानात जायचे. "पोरगी कुठं असती?" असं कुणी विचारलं तर "हैदराबादला" म्हणायचे. जग बघून आलेली पोरगी माझ्या बापाला लपवून ठेवावी लागत होती. डोंगरावर दम लागतो त्याहून हे जड होतं.

मागच्या उन्हाळ्यात मी हट्ट धरला. म्हटलं, एकदा आमच्यासोबत या, मग काय बोलायचं ते बोला. अप्पा नाहीच म्हणत होते. आईनंच कपडे भरले. "मी गुडघ्यानं येऊ शकत न्हाई. तुम्ही बघून या, ती कुठं झोपती ते. मला सांगा," म्हणाली.

हिमाचलात गाडीरस्ता संपल्यावर आम्ही तिघं चालू लागलो. अप्पांच्या अंगात मल्लूचं जॅकेट, डोक्याला रुमाल. ते आमच्यापेक्षा हळू चालत, पण थांबत नव्हते. दुपार कलल्यावर खिंडीखालच्या गवताळ माळावर पोचलो. मल्लूनं तंबूचं कापड पसरलं तसे अप्पा घाईनं म्हणाले, "थांबा जावईबापू. धनी कोण हाय हितला?"

"धनी कुणी नाही, अप्पा. सरकारी डोंगर आहे. आम्ही खाली नोंद केली आहे."

"तसं न्हाई चालत. इचारल्याबिगर खुंटी मारायची न्हाई."

त्यांनी खरंच मारू दिली नाही. कापड तसंच पडून राहिलं, वारा सुटला, आणि अप्पा त्या मोकळ्या माळावर कुणी माणूस दिसतोय का ते शोधत उभे राहिले. मला आधी हसू आलं. मग ते बोलू लागले. "तुझा आजा दर सांजेला दुसऱ्याच्या बांधावर उभा ऱ्हायचा. रुमाल काढून. कुणी म्हणायचं, बसवा मेंढरं, खत हुतंय. कुणी म्हणायचं, पुढं चला. अव्वा, तुझी आजी, चूल मांडायची थांबलेली असायची, पोरं भुकेली. धनी 'व्हय' म्हणल्याबिगर चूल न्हाई पेटायची. तुझ्यावर ती पाळी येऊ नये म्हणून म्या मेंढरं इकली. अन् तू हिंडायलीस."

वाऱ्यानं उडू नये म्हणून मी कापडावर एक दगड ठेवला. स्लॅबवरून आलेल्या 'कामून'च्या आत इतकं होतं.

तेवढ्यात खालून मेंढरं आली. शंभरेक असतील, मागं तिथल्या गद्दी जमातीचा एक तरणा धनगर, अंगावर लोकरीचा कोट, दोन कुत्री. अप्पा तरातरा पुढं गेले, रुमाल काढला, हात जोडले आणि आपल्याकडच्या दखनी हिंदीत म्हणाले, "बेटा, रातभर इधर रहते हम. तुम्हारी इजाजत हुई तो."

तो पोरगा गोंधळला. त्यानं मेंढरं शिटी घालून थांबवली. आमच्या पसरलेल्या कापडाकडं बघितलं, मग अप्पांकडं. म्हणाला, "चाचाजी, आप तो पहले से बैठे हैं. मैं आपसे पूछने वाला था, भेड़ें इधर से निकाल लूँ?"

अप्पा तसेच उभे राहिले. रुमाल हातातच. उभ्या जन्मात त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. मेंढरं ब्यां ब्यां करत थांबली होती, तो पोरगा थांबला होता, सगळे माझ्या बापाच्या होकारासाठी खोळंबले होते. अप्पांनी सावकाश रुमाल डोक्याला गुंडाळला. मग हात लांब करून म्हणाले, "हौ बेटा, जाव. आरामसे जाव. चाय पीके जाव!"

पोरगा चहाला बसला. दोघांनी मेंढरांच्या खुरांवर, लांडग्यांवर, लोकरीच्या भावावर बोलून घेतलं. अर्धं एकमेकांना कळलं नसेल. खुंट्या अप्पांनीच मारल्या. मल्लूनं मारलेली एक उपटून पुन्हा मारली. "जावईबापू, वारा कुठून यायलाय ते बघा की जरा!"

दुसऱ्या दिवशी अप्पा खिंडीत माझ्या आधी पोचले. मला वर ओढून घेतलं. पलीकडं बर्फाचे डोंगरच डोंगर होते. डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाले, "तुझ्या आईला उचलून आणायला पायजे हुतं." आणि मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी मेंढरांना घालतात तशी हाळी घातली. मी ती कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. डोंगरांनी ती परत परत ऐकवली. आम्ही तिघंही हसत सुटलो.

आता आम्ही जॉर्जियात आहोत. परवा आईचा फोन आला. म्हणाली, काकांनी परत पालावरून टोमणा मारला. अप्पा ओट्यावरून उठले नाहीत. म्हणाले, "व्हय, टाकलंय. म्या सोता खुंट्या मारून आलोय. तू बी ये की बघायला!"

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी अजून अडखळते. मुडबीचं घर आहेच. तिथं गेले की झोप चांगली लागते. पण माझ्या बापानं ज्या क्षणी एका परक्या पोराला चहाला थांब म्हटलं, त्या क्षणी ते माळावर पसरलेलं कापडसुद्धा आमचं घर झालं, एवढं मला कळतं.

काल संध्याकाळी इथं पाऊस लागला. एक म्हातारा आणि त्याची बायको, भिजलेले, आमच्या तंबूबाहेर संकोचून उभे होते. त्यांची भाषा मला येत नाही. मी मराठीतच म्हटलं, "या, आत या, बसा." ते बसले.