बंबात टाकलेले सेल

आमच्या भवानी पेठेत बंबाला सगळं चालायचं. तुराट्या, गिरणीतलं खराब सूत, फाटकी चप्पल, काहीही. आंघोळीचं पाणीही तापायचं आणि घरातला कचराही जायचा. मग ट्रान्झिस्टरचे संपलेले सेल तेवढे का वगळायचे, असं आईला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं?

एरवी लोक ते सेल अजून थोडे चालावेत म्हणून आधी उन्हात ठेवत, मग चुलीशेजारी, आणि अगदीच जीव गेला की गल्लीतल्या उकिरड्यावर. तिथून पोरं ते उचलत, दगडानं फोडत आणि आतल्या काळ्या मसाल्यानं पाट्या रंगवत. एकदा शेजारणीच्या धाकटीनं तो मसाला चाटला आणि दिवसभर ओकत राहिली. शेजारीण नुसती रडत बसली. आई मात्र तणतणत उकिरड्यावर गेली आणि होते नव्हते तेवढे सेल पदरात गोळा करून घेऊन आली.

"जाळूनच टाकते. पुन्ना कुणाच्या पोराच्या तोंडात जायला नको."

वडील दाढी करत होते. "टाक की," म्हणाले.

सेल बंबात गेले. धूर फार झाला म्हणून ती वाकून फुंकणीनं फुंकू लागली. पहिला सेल फुटला तेव्हा दचकून मागं सरली, आणि काय झालं ते बघायला पुन्हा वाकली. दुसरा तिच्या तोंडावर फुटला.

उजवा डोळा गेला, डाव्यानं अंधुक दिसेल, असं दवाखान्यात सांगितलं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, "होम करताना हात पोळला की गं बाई," म्हणाल्या, आणि पुन्हा आपापले सेल उकिरड्यावर टाकू लागल्या. मला अजून त्यांचा राग येतो. वडिलांचा तर येतोच. पट्टी सुटायच्या आत त्यांनी नवे सेल आणून बातम्या लावल्या होत्या.

आई घरी बसून मागवाल्यांसाठी कांड्या भरायची, म्हणजे चरख्यावर सूत गुंडाळून द्यायची. त्यावर आमचं निम्मं घर चाले. पट्टी सुटली तशी ती चरख्यापाशी बसली. धागा तुटला. टोक सापडेना. बोटांनी चाचपलं, उजेडाकडं धरलं, पुन्हा चाचपलं. मी शाळेला निघाले होते. मान वर न करता तिनं विचारलं, "तुला दिसतंय का गं टोक?"

मला दिसत होतं. दप्तर खाली ठेवून मी ते काढून दिलं. सातवीच्या वर्गात मी पुन्हा कधी गेले नाही.