गवती चहाचं तेल

नागभीडजवळच्या एका गावात मनकर्णाचं कुरमार कुटुंब मेंढ्यांवर जगत आलेलं. तिला नाकानं जंगल कळायचं. उग्र वास आला की ती कळप फिरवायची, वाघ दिसायची वाट पाहायची नाही. पण दिवाळीनंतर शेजारच्या वारलूला वाघानं नेलं आणि तिनं मेंढ्या कोठ्यात कोंडल्या.

धानाचं तणस आणि कोंडा खाऊन मेंढ्यांची पोटं फुगू लागली. जनावरांच्या डॉक्टर रंजीता मॅडमनी गवती चहाच्या तेलाची बाटली दिली. "थेंबानंच टाका, तेही गोड्या तेलात घोळून, कोंड्यात. नुसतं दिलं तर तोंड भाजतं," त्यांनी बजावलं.

एका दुपारी मनकर्णा कोठ्यात आली तर मेंढ्या लाळ गाळत कुडावर डोकी घासत होत्या. वासानं डोळे झोंबले. नवरा, इसरू, रिकामी बाटली धरून उभा.

"हे काय केलं तुमी?"

"मले वाटलं, जास्त टाकलं तं लवकर गुण येईन."

ती पदरानं एकेकीचं तोंड पुसू लागली. इसरू पाणी आणायला फाटक उघडून निघाला, आणि त्या फटीतून कळप बाहेर पडला. सगळ्या धावल्या त्या थेट जंगलातल्या नाल्याकडे.

"थांब वं, मानसं बोलावतो!" इसरू ओरडला. ती थांबली नाही.

मेंढ्या नाल्यात तोंडं बुडवून उभ्या होत्या. मनकर्णानं सवयीनं हवा हुंगली. गवती चहा. हात, पदर, सगळ्याला तोच वास. त्यापलीकडचं काहीच कळेना.

सागाच्या शेंड्यावरून वानर खाकरलं. मग दुसरं. ती कोणाला पाहून खाकरतात हे तिला ठाऊक होतं. "हुर्र, हुर्र!" ती म्हणू गेली, पण घशातून नुसती हवा आली. मेंढ्या मान वर करेनात. एकटीला पळता आलं असतं. ती पळाली नाही. एकीचे कान धरून तिला ओढत राहिली.

पलीकडचं गवत हललं. कडेची गाभण मेंढी दिसेनाशी झाली. ओरडलीसुद्धा नाही. मग सारा कळप उधळला आणि त्याच्यासोबत मनकर्णाही. डबे बडवत येणारी माणसं दिसली तेव्हा ती बांधावर मटकन बसली.

संध्याकाळी मॅडम आल्या. मेंढ्यांची तोंडं सुजली होती, पण बाकीच्या वाचल्या.

"तेल बंदच करू का?" मनकर्णानं विचारलं.

"तोंडं बरी होईपर्यंत बंद. मग मी स्वतः कालवून दाखवेन."

आता खुराक मनकर्णाच कालवते. पोटं फुगणं कमी झालंय. धान निघालेल्या शेताच्या बांध्यांत ती चारायला जाते, पण चारचौघांसोबत. एखादी मेंढी नाल्याकडे वळली की मनकर्णाचे पाय जागीच थिजतात, आणि इसरूच ओरडत पुढे धावतो.