सुकवंताची तीन बोटे

सुकवंता भाताचा घास बोटांनी चपटा करायची आणि पुढच्या पडलेल्या दाताच्या फटीतून आत सरकवायची. तिचे तोंड तेवढेच उघडे. हनुवटी नावापुरती. आडवी झाली की श्वास अडके, म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच झोपे. मुलगी बघायला आलेले पाहुणे चहा घेऊन निघून जात. दर दिवाळीला नव्या धानाचे पोहे मात्र ती आधी माझ्याकडे आणी. “बाबूजीनं बांधलं नसतं त माहा जबडा गळूनच पडला असता,” असे साऱ्या चिचगडला सांगे.

मी तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, गाव मला बाबूजी म्हणे. सहा वर्षांची सुकवंता धान राखायच्या मचाणावरून हनुवटीवर पडली. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी टाके घातले आणि जबडा पट्टीने बांधायला सांगितला. पट्टी आठ दिवसांत काढ आणि रोज तोंड उघडायला लाव, असे मला बजावले. मोडलेला हात दीड महिना बांधतात, मग जबडा का नाही, असे मला वाटले. मी दीड महिना बांधून ठेवला. सोडला तेव्हा तोंड जेमतेम उघडले. पुढे कानाजवळची हाडेच जुळून गेली, जबड्याची वाढ खुंटली. पडल्यामुळे झाले, असे मी तिच्या आईला सांगितले.

बत्तिसाव्या वर्षी नागपूरला तिचे ऑपरेशन ठरले. सोबत मीच गेलो. दोन्हीकडचे जाम सांधे काढून धातूचे बसवायचे आणि त्याच वेळी वरचा-खालचा जबडा कापून पुढे आणायचा होता. डॉक्टरीणबाईंनी विचारले, लहानपणी किती दिवस बांधला होता? आठेक दिवस, मी म्हणालो. एवढे जुने मला आठवते, म्हणून सुकवंता कौतुकाने बघत होती.

परतल्यावर ती दिसेल त्याला तोंडात तीन बोटे उभी घालून दाखवी. खालचा ओठ बधिर राहिला होता, भात हनुवटीवर ओघळला तरी तिला कळत नसे. “सांडू द्या न बाबूजी. आता सांडन एवढा घास घेऊन राहिली मी.”

मागच्या उन्हाळ्यात तिची पाच वर्षांची भाची सायकलवरून हनुवटीवर आपटली. तीन आठवड्यांनी मी त्यांच्या अंगणात गेलो, तर पोरीचा जबडा लुगड्याच्या पट्टीने डोक्याशी घट्ट बांधलेला.

“तुमच्यासारखाच बांधला, बाबूजी. आय म्हणे, आठ दिवस नाही, दीड महिना बांधला होता तुमी. तेवढे दिवस हालूच देत नाही.”

मी खाली बसून गाठ सोडू लागलो. तिने माझा हात धरला. “काऊन सोडता?”

“तुहा असाच बांधून ठेवला, म्हणून जाम झाला. डॉक्टरनं आठच दिवस सांगतले होते. मी आयकलं नाही.”

तिने हात सोडला. उरलेली गाठ तिनेच सोडली. मग पोरीसमोर बसून हळूच म्हणाली, “आ कर, माय.” तोंड दीड बोट उघडले.

ती पोरीला नेमाने देवरीच्या दवाखान्यात नेते. आता दोन बोटे जातात, असे शेजारी सांगतात. यंदा पोहे आले नाहीत. बाजारात मी दिसलो की ती ओठ मिटून बाजूने जाते. बाबूजीनेच सुकवंताचा जबडा वाचवला, असे गाव अजून म्हणते. तिने कोणालाच खरे सांगितलेले नाही. ते काम तिने माझ्यावर सोडले आहे.