अर्ध्या वळणाचे तीन दशांश

त्या वर्षी ऑलिम्पिकमधल्या जिम्नॅस्टिक्सचा एक वाद पेपरात आतल्या पानावर आला होता. एका खेळाडूच्या कसरतीची किंमत पंचांनी एक दशांश कमी धरली आणि तेवढ्यावरून सुवर्णपदक दुसऱ्याच्या गळ्यात गेलं. चूक झाल्याचं मान्य झालं, पंचांना घरी बसवलं, पण पदक काही हललं नाही. तक्रार वेळेत आली नव्हती म्हणे. नांदेडच्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत मी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. एवढी जगभरची माणसं, समोर छापील तक्ता, आणि एक आकडा नीट बघता येईना, असं काहीतरी मी म्हणाले. गणिताच्या बाई म्हणाल्या, पेपर तपासताना असं होतं कधी कधी. तुमच्याकडे होत असेल, आमच्याकडे नाही, असं मी त्यांना ऐकवलं. नुकतीच पंचांची परीक्षा पास झाले होते मी. अंगात हवा होती.

मी मूळची लातूरजवळच्या औशाची. भूकंप झाला तेव्हा आठवीत होते. आमचं घर उभं राहिलं, पण भिंतींना चिरा गेल्या आणि छपराखाली बसायचं धाडस कुणात उरलं नाही. शाळा मैदानात लिंबाखाली भरायची. कुठे एखादं बाकडं सरकलं तरी पोरं किंचाळून पळायची. आमच्या खेळाच्या सरांनी मग कोठीतल्या काथ्याच्या गाद्या बाहेर ओढल्या आणि आम्हाला कोलांट्या शिकवायला लागले. आधी पडायचं कसं ते शिका, मग भ्या वाटत न्हाई, असं ते सांगायचे. मी पडायला शिकले, मग उड्या मारायला शिकले, आणि त्या नादात भीती कधी गेली ते कळलंच नाही. पुढे बी.पी.एड. केलं, नांदेडला नोकरी लागली, पंच झाले. सगळ्याची सुरुवात त्या गाद्यांवर झाली.

त्या हिवाळ्यात लातूरला विभागाच्या शालेय स्पर्धा झाल्या. तेच सर मुख्य पंच होते, निवृत्तीला टेकलेले. मुलींच्या व्हॉल्टला उडीची किंमत लिहायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. व्हॉल्टमध्ये मुलगी धावत येते, स्प्रिंगबोर्डवरून उसळते, घोडा म्हणतात त्या गादी लावलेल्या मेजावर हात टेकते आणि पलीकडे उतरते. कुठल्या प्रकारच्या उडीला किती गुणांपासून सुरुवात करायची ते तक्त्यात ठरलेलं असतं. तो आकडा मी लिहायचा आणि बाकीच्या पंचांनी चुकांचे गुण त्यातून वजा करायचे. साधी उडी असेल तर एक आकडा. हवेत अर्धं वळण घेतलं तर तीन दशांश जास्त.

पहिली येईल ती राज्य स्पर्धेला जाणार होती आणि राज्यावर खेळलेल्या मुलीला दहावीला वाढीव गुण मिळायचे. लातुरात त्या काळी दहावीच्या एकेका गुणाला काय भाव होता ते त्या वेळी तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या, बाहेरगावच्या पोरांनी भरलेल्या खोल्या, सकाळी सायकलींची रांग. स्पर्धेलाही काही पालक वही-पेन घेऊन बसले होते.

शेवटी चुरस दोघींत उरली. एक लातूरची, तिचे वडील स्वतः फिजिक्सचे क्लास घेणारे, गावात दबदबा असलेले. दुसरी बिलोलीची, नववीतली, काटकुळी, पायात भावाचे मोजे. तिच्याबरोबर तिच्या शाळेतले एक शिक्षक आले होते. ते मूळचे चित्रकलेचे. खेळाचे शिक्षक नसल्यामुळे मुख्याध्यापकांनी त्यांनाच पाठवलं होतं. दोघींच्या उड्या झाल्या, बेरीज झाली, लातूरची मुलगी दोन दशांशांनी पहिली आली. सरांनी कागदावर सही केली, पदकं वाटली, फोटो झाले, आणि दुपारी दोनच्या नांदेड गाडीत मी बसले.

माझ्या दोन बाकं पुढे बिलोलीची मुलगी आणि तिचे सर बसले होते. सर डुलक्या घेत होते. मुलगी खिडकीपाशी होती आणि समोरच्या बाकाच्या पाठीवर हाताने काहीतरी करत होती. तळहात पालथा ठेवायची, उचलायची, हवेत उलटा करून परत टेकवायची. पुन्हा तेच. चाकूर मागे पडलं तरी तेच चाललं होतं. मला आधी गंमत वाटली. मग लक्षात आलं की ती आपली उडी पुन्हा पुन्हा करून बघते आहे. हात उलटा होतो आहे, म्हणजे वळण आहे.

मी पर्समधून कच्ची वही काढली. प्रत्येक उडी बघताना आम्ही खुणांमध्ये टिपून घेतो. तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात अर्ध्या वळणाची खूण होती, स्वच्छ, आणि खूण करताना मी ते वळण पाहिलेलंही आठवत होतं. शेजारी मात्र आकडा साध्या उडीचा. तक्त्यात या दोन उड्या वरखाली छापलेल्या होत्या. माझी नजर एक ओळ वर गेली होती. तीन दशांश मिळाले असते तर ती एका दशांशाने पहिली होती.

पेपरातली ती बातमी आठवली आणि मी काय काय बोलले होते तेही. तक्रारीची मुदत अर्धा तास असते. ती संपून कितीतरी वेळ झाला होता. कुणी बघितलं नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं, माझी वही माझ्याजवळ होती. खोटं कशाला सांगू, वही मिटून पर्समध्ये ठेवावी हा विचार माझ्या मनात आला आणि तो बराच वेळ टिकला. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी उतरले. त्या दोघांना काही सांगितलं नाही. निकाल बदलेल की नाही हे माहीत नसताना काय सांगणार होते? गाडी सुटता सुटता ती मुलगी खिडकीतून ओरडली, "मॅडम, तुमची पिशवी!" आणि तिने माझी राहिलेली कापडी पिशवी खिडकीतून माझ्या हातात दिली. तिच्या तोंडाकडे मला बघवलं नाही.

लातूरची गाडी पकडली, तिथून औसा. सरांच्या घरी पोचले तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती. सर ओट्यावर पाय चोळत बसले होते. मी वही आणि तक्ता त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, खूण बघितली, आकडा बघितला, तक्त्यावर बोट ठेवून परत बघितलं. ते रागावतील, एवढ्या वर्षांच्या नावाला शेवटच्या स्पर्धेत बट्टा लावलास म्हणतील, याची मी तयारी करून आले होते.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "मला तवाच वाटलं हुतं की पोरगी वळली. म्हटलं, आता डोळे गेले आपले. तुझा आकडा बघून सही केली मी."

मी रडायला लागले. सरांच्या बायकोने चहा आणून ठेवला. सर म्हणाले, रडायलीस कशाला, चूक तर दोघांची हाय. उद्या सकाळी जाऊ.

सकाळी आम्ही लातूरला क्रीडा कार्यालयात गेलो. तिथले साहेब भले होते, पण नियमावर बोट ठेवून बसले. मुदत संपली, आता तक्रार घेता येणार नाही. सर शांतपणे म्हणाले की ही तक्रार नाहीच, तक्रार संघ करतो. पंचाने स्वतः आपली लिहिण्यातली चूक दाखवली तर तिला काय म्हणतात ते तुमच्या पुस्तकात बघा. साहेबांनी पुस्तक चाळलं. तसं काही लिहिलेलं सापडलं नाही, आणि तसं करू नका असंही सापडलं नाही. शेवटी ते म्हणाले, की पहिल्या आलेल्या मुलीच्या पालकांनी हरकत नाही असं लिहून दिलं तर ते निकाल दुरुस्त करतील.

म्हणजे त्या फिजिक्सच्या प्राध्यापकांकडे जायचं. मला वाटलं, संपलं सगळं.

त्यांचा क्लास घराच्या वरच्या मजल्यावर होता. खाली चपलांचा ढीग. तास संपेपर्यंत आम्ही जिन्यात उभे राहिलो. ते आले, आम्हाला बसवलं, ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा कठीण होत गेला.

"हे काल का नाही दिसलं, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माझी नजर चुकली. दुसरं काही कारण नाही.

ते म्हणाले, काल संध्याकाळी घरी पेढे वाटून झाले, नातेवाइकांना फोन झाले, आता मी पोरीला काय सांगू? त्यांचं काही चुकत नव्हतं. सरांनी तक्ता आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी नको नको म्हणत ती घेतली, आणि मग पेपर तपासायच्या सवयीने असेल, खूण आणि आकडा पेनने ताडून पाहिला. दोनदा पाहिला. तेवढ्यात त्यांची मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

"पप्पा, ती वळली होती," ती म्हणाली. "मी रांगेत मागेच होते. मला कालपासून कसंतरी होत होतं."

आत जाऊन तिने पदक आणलं आणि टेबलावर ठेवलं. मग पळत आत गेली. तिच्या आईचा तिला समजावतानाचा आवाज बाहेर येत होता. प्राध्यापकांनी पदक उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाले की दरवर्षी ते आपल्या विद्यार्थ्यांच्या अर्ध्या-अर्ध्या गुणासाठी फेरतपासणीचे अर्ज भरतात, बोर्डाशी भांडतात. आता इथे हरकत घेतली तर उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? त्यांनी कागद ओढला आणि चार ओळी लिहून सही केली. आम्ही निघालो तेव्हा मला म्हणाले, चूक केलीत ती वाईट, पण तुम्ही आलात. त्यांचा आवाज अजूनही मऊ झालेला नव्हता.

दुपारपर्यंत नवा निकाल टाइप झाला. कार्यालयाचा जिना उतरताना सरांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, आठवीत मारायचे तशी. मला वाटलं, कालपासून कुणीतरी छातीवर बसलं होतं ते उठून गेलं.

दुसऱ्या दिवशी पदक घेऊन मी नांदेडहून नायगावमार्गे बिलोलीला गेले. शाळेच्या मागच्या मैदानात ती मुलगी एकटीच होती. घोडा म्हणून लाकडी टेबलावर गोणपाटं बांधली होती, पलीकडे वाळू. ती धावत आली आणि साधी उडी मारून उतरली. पुन्हा मारली, पुन्हा साधी. वळण नव्हतंच. तेवढ्यात तिचे चित्रकलेचे सर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, माफी मागितली. पंचांना विचारायचा आपल्यालाही हक्क असतो हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं ते हळहळून म्हणाले. त्यांनी तिला हाक मारली. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सरळ सांगितलं की मी आकडा चुकीचा लिहिला, तू पहिली आलीस, राज्यावर तूच जाणार.

तिने पदकाकडे बघितलंच नाही.

"म्हंजे मॅडम, माझं वळण पुरं झालं हुतं?"

मी म्हटलं, पुरं झालं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं आणि वहीतही तसंच टिपलंय.

"मला वाटलं, न्हाई झालं," ती म्हणाली. "गाडीत लई इचार केला, कुठं चुकलं. म्हणून सोडलं मी ते. साधीच करायले."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी दोन दिवस पदकाचा आणि गुणांचा विचार करत होते. माझ्या त्या आकड्याने पोरीचा आपल्या अंगावरचा विश्वास काढून घेतला होता. मी पर्स खाली ठेवली, साडीचा पदर खोचला आणि वाळूपाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, मार बघू. ती मागे गेली, बराच वेळ थांबली, धावली, हात टेकले आणि वळली. वाळूत दोन्ही पायांवर उतरली, तोंड घोड्याकडे. तिचे सर टाळ्या वाजवायला लागले. तिने विचारायच्या आत मी मान डोलावली.

राज्यावर तिला पदक मिळालं नाही, पण ती वळण घेऊनच खेळली आणि दहावीला तिला ते वाढीव गुण मिळाले. लातूरची मुलगी पुढच्या वर्षी माझ्यासमोरच पहिली आली, त्यात कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. मी अजून पंच म्हणून जाते. आकडा लिहायच्या आधी तक्त्यावर फूटपट्टी ठेवते, आणि तरुण पंच माझ्या हळूपणावर हसतात. हसू देत.

बिलोलीला त्या दिवशी त्या मुलीच्या आईने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या अंगणवाडीत काम करायच्या. घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली ते पदक खिळ्याला अडकवून झालं, आणि मग ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. माझ्या पोटात दोन दिवस धड काही गेलं नव्हतं. मी चार भाकरी खाल्ल्या, आणि वाढणाऱ्या त्या माउलीने पाचवी पुढे केली तेव्हा नाही म्हणाले नाही.