थडग्याला सुटलेला घाम

वादात जिंकायचं आणि मग त्या विजयाचं काय करायचं हे न कळणं, हा माझा जुना आजार. नोकरीला मी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत. दुधात पाणी किती, हे सांगायचा मला पगार मिळतो. गोष्टीत पाणी मात्र मी स्वतः घालतो, आणि तेही फुकट.

रोममध्ये पोप वारले तेव्हा मी सासुरवाडीला, इंदापूर तालुक्यात होतो. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांच्या हृदयाची झडप खराब झालेली. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलेली, आणि आता थांबलात तर मी जबाबदार नाही, असंही बजावलेलं. त्या संध्याकाळी मामा दाराशी बाजेवर पडून होते आणि आत मी नि मेहुणा टीव्हीवर रोमची गर्दी बघत होतो.

"दाजी, पूर्वी एक बाई पोप झालती म्हणं," मेहुणा म्हणाला. "पुरुषाच्या वेशात. मिरवणुकीत बाळंत झाली तवा कळलं."

"थाप आहे. ती ज्या काळातली सांगतात, त्यानंतर शेकडो वर्षं कुणी तिच्याबद्दल ओळ लिहिलेली नाही. एक पोप गेला नि दुसरा आला, मध्ये तिला बसायला जागाच नाही."

"दडवलं असंल."

"कुणी?"

"ज्यांना दडवायचं त्यांनी."

मग लोक काय काय रचतात हे दाखवायला मी दुसरी गोष्ट काढली. हजार वर्षांपूर्वी एक पोप गणितात हुशार निघाला, तर लोक म्हणाले, यानं सैतानाशी करार केलाय. तो मेल्यावर म्हणाले, पुढचा कुठलाही पोप मरणार असला की याच्या थडग्याला घाम फुटतो आणि आत हाडं वाजतात.

इथं थांबायला हवं होतं. पण मेहुण्याचं तोंड उघडं राहिलेलं दिसलं आणि माझ्यातला गवळी जागा झाला. आवाज खाली आणून म्हणालो, "हात लावला तर ओल लागते. चाखली तर खारट."

खारट हे कुठल्याही ग्रंथात नाही. ते माझं.

बाजेवरून मामांचा आवाज आला, "फकस्त पोपच मरतो, का घरातला कुणीबी थोरला?"

"थोरलाच," मी म्हणालो. रंगात आलो होतो.

मामांच्या उसाच्या कोपऱ्यात लिंबाखाली त्यांच्या आज्याची समाधी आहे. काळ्या दगडाचा चौथरा, वर पादुका. दर अमावास्येला मामा तिथं दिवा लावतात. पुढच्या अमावास्येला मी तिथंच होतो; ते भर दुपारी गेले आणि परत येऊन पाय न धुताच बसले.

"वली हाय," म्हणाले.

"काय?"

"समाधी. घाम फुटलाय. चाखून बघितलं." ओठांवरून जीभ फिरवली. "खारट हाय, पाव्हणं."

सासूबाईंनी गॅस बंद केला.

मी शेतात धावलो. ऊन नुसतं भाजत होतं, उसाचं पातं हलत नव्हतं, आणि त्या तापल्या दगडावर खरोखरच थेंब होते. मी ते चाखले नाहीत. भोवतीच्या सरीत मिठासारखा पांढरा थर दिसला तेव्हा जिवात जीव आला. उसाला पाणी पाजून पाजून जमीन क्षारपड झालेली, कालव्याला पाणी सुटलेलं, दगड खालून खारं पाणी ओढत होता. मी हे मामांना प्रयोगशाळेतल्या सुरात समजावलं.

"कालवा काय आज आलाय? माझ्या जलमात त्यो दगड वला झाला न्हाय."

"मामा, ती गोष्टच खोटी आहे. तो पोप मेल्यावर शंभर वर्षांनी न बघितलेल्यांनी लिहिलेली."

"आज्याची गोष्टबी आमाला न बघितलेल्यांनीच सांगितली. म्हणून आजा खोटा का?"

"आणि खारट तर मी माझ्या मनानं घातलं होतं."

"तुमी?"

"मी."

"मग तुमच्या तोंडातनं ते हितं दगडात कसं आलं?"

याची चाचणी आमच्या प्रयोगशाळेत होत नाही. मामांनी ऑपरेशन रद्द केलं. मरायचंच तर पुण्याला कशाला, म्हणाले. बायको एवढंच बोलली, "तुमची गोष्ट, तुम्हीच निस्तरा." मामांना उंबरा ओलांडताना धाप लागू लागली. ओठ जांभळट दिसायला लागले. घरात सगळे माझ्याकडे बघायचं टाळत.

शेवटी मी नि मेहुण्यानं समाधीभोवती चर खणला, पाणी ओढ्याकडं काढून दिलं. दगड हळूहळू वाळला. मामा रोज जाऊन तळवा टेकवत. एक दिवस म्हणाले, "बरं. घ्या तारीख."

निघायच्या सकाळी ते पाया पडायला येणार म्हणून मी आधीच गेलो. पादुकांवर थेंब होते. चर कोरडा होता. कालवाही बंद झालेला. खिशातून रुमाल काढला आणि चोरासारखा खसाखसा दगड पुसला. मागून मामा आले. त्यांनी तळवा टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला, मग वाकून नमस्कार केला.

गाडीत ते माझ्या शेजारी बसले.

"रुमाल वला हाय तुमचा."

"तोंड धुतलं, मामा."

"व्हय का."

भिगवण येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पोरीला सांगू नका."

ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं तेव्हा तो रुमाल माझ्या मुठीत होता. त्या थडग्याची गोष्ट खोटी कशी, हे मी मनातल्या मनात स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो. पटत नव्हतं.

मामा वाचले. आता ते स्वतःच ती गोष्ट गावाला सांगतात, रोमसकट, खारटासकट. वर म्हणतात, आमच्या जावयानं वाचलंय. जाणारे-येणारे समाधीवर तळवा ठेवून बघतात. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"पाव्हणं, परत वली झालीया."

"कालव्याचं पाणी, मामा."

"कालवा बंद हाय. पर मला आता लई बरं वाटतंय. म्हंजी माझ्यासाठी नसंल." आवाज खाली आणून म्हणाले, "थोरल्यात जावई धरत्यात का, तेवढं तुमच्या पुस्तकात बघून सांगा."

मी हसलो. पलीकडून हसू आलं नाही.