मधला चौक रिकामा

भावाची पोर बाहेरदेशातून परत आली तेव्हा माझी बायको जाऊन सहा महिने झाले होते. पोर तिकडे भिंतींवर चित्रं रंगवायची. त्यावर पोट भरतं हे मला कधी पटलं नाही. आली आणि म्हणाली, आता इथंच राहणार. का, ते विचारायची गरज नव्हती. कैनाडच्या आमच्या पाड्यावरून नवा रस्ता काढायचं चाललं होतं आणि त्यात आमची भाताची शेतं जाणार होती. मंगळवारी मोजणीवाले येणार, असा निरोप होता.

बाकीचे घोषणा पाठ करत होते. ही माझ्या ओट्यावर मोठ्या कापडाला गेरू फासत बसली. लग्नात घराच्या भिंतीवर काढतात तो देवीचा चौक तिला कापडावर काढायचा होता आणि ते कापड शेतात उभं करायचं होतं. देवी बसली की तिच्या अंगावरून टेप कोण नेईल, असं तिचं म्हणणं. मला गंमत वाटली. पांढऱ्या रंगासाठी मी तांदूळ वाटून दिले, जन्मात पहिल्यांदा. रंगवायच्या काडीचं टोक ती चावून मऊ करत होती. बायकोही तसंच करायची. मी बघत राहिलो.

तेवढ्यात धवलेरी आली. आमच्यात लग्न लावते ती ही म्हातारी. तिने पोरीचा हातच धरला. लग्न नाही, कार्य नाही, तू स्वतः बिनलग्नाची, देवीला फुकट बोलावतेस काय, म्हणाली.

पोर माझ्याकडे वळली. "काका, काकी काय म्हणाली असती?"

बायकोने पाड्यातल्या किती लग्नांत चौक काढला, आणि मी दर वेळी बाहेर ताडी पीत बसलेला. आत काय चालतं, कधी विचारलं नाही. आता म्हातारीला विचारलं.

"ती जिवंत होती तेव्हा जीभ खुंटीला टांगली होतीस का?" म्हणाली. पण सांगितलं. बाहेरची झाडं, माणसं, नाच कोणीही काढावं. मधला चौक सवाशिणींचा, तोही लग्न ठरल्यावरच.

पोर रुसली. मग तिने चारी बाजू भरून काढल्या आणि मध्ये नुसता गेरू ठेवला.

मंगळवारी आम्ही कापड शेतात उभं केलं आणि मोजणीचा साहेब आला. आधी त्याने मोबाइलवर फोटो काढला, मग विचारलं, मध्ये रंग संपला का?

धवलेरी पुढे झाली. "पाड्यात तीन पोरी लग्नाच्या आहेत, साहेब. मांडव ह्याच शेतात पडतो. शेत नेलंस तर देवीला कुठं बोलावू, तेवढं लिहून दे."

साहेबाने काही लिहून दिलं नाही. टेपही उलगडली नाही. गाडी वळवून गेला. परत येईल, पोलीस घेऊन येईल, हे आम्हाला ठाऊक आहे.

आता त्याच रस्त्यासाठी वेवजी गावाला मोजणी आहे. पोर कापड घेऊन निघाली आहे आणि त्याची एक काठी मी धरणार आहे. धवलेरी म्हणते, दोन पावलं चाललास की बसतोस, तुला कोण धरणार? बघू.