बॅटरीचे इशारे

खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण ती घटना आठवली की आजही मला एकट्यालाच हसू फुटतं. तेव्हा मी निलंगा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. चोरांच्या अफवांमुळे गावोगावची पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती. एका संध्याकाळी पोलीस पाटलांचा फोन आला, "साहेब, चोर धरलाय. कालव्याजवळ बॅटरी हलवून टोळीला इशारे करत होता."

पाटील आणि पोरं त्याला घेऊनच आले. पंचविशीचा गडी, इस्त्रीचा शर्ट, सोबत कॅमेरा आणि स्टँड. पोरांनी हात टाकला नव्हता, हे नशीब.

"इशारे कुणाला?" मी दरडावलं.

"फोटो काढत होतो साहेब. अंधारात कॅमेरा अर्धा मिनिट उघडा ठेवला की बॅटरी फिरंल तशी उजेडाची रेघ उमटते. माणूस दिसत न्हाई."

"मग याच गावाजवळ का?"

इथं गडी गप्प. शेवटी हात जोडून म्हणाला, "मला रात्रभर बसवा, पण गावात माझं नाव कळू देऊ नका. उद्या सगळं मोडंल."

फोटोत नुसती वेटोळी. "भानामती हाय साहेब," पाटील कुजबुजले. असल्या बोलण्याला मी थारा देत नाही. कॅमेरा घेऊन मी ठाणे अंमलदाराकडे निघालो. गणवेश नीट आहे का पाहायला ठाण्याच्या दाराशी आरसा असतो. त्यात कॅमेऱ्याचा पडदा दिसला आणि मी थबकलो. वेटोळी कसली, मुलीचं नाव होतं! गड्यानं कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलं, म्हणून उलटं उमटलं होतं.

पाटलांनी आरशात वाचलं. "आगं आई गं! ही तर आमच्या मास्तरांची लेक! उद्या साखरपुडा हाय की तिचा!"

"तू नवरदेव?" मी विचारलं. गडी कानापर्यंत लाल झाला.

"फोटोत मागं तिचं गाव पायजे होतं," तो पुटपुटला. "उद्या द्यायचा होता तिला."

अख्खं ठाणं हसलं. पाटलांनी पोरांना दम भरला, "मास्तरांच्या कानावर गेलं तर माझ्याशी गाठ हाय!"

"चल, आता कॅमेऱ्याकडे पाठ करून लिही," मी म्हणालो. आम्ही सगळे परत कालव्यावर गेलो. अक्षरं झकास आली, पण घाबरलेल्या हातानं वरची रेघ काही सरळ येईना. गस्तीची फेरी बाकी होतीच. मी जीपमध्ये बसलो आणि गड्याच्या मागं असलेल्या कालव्याच्या उंच भरावावरून चालकाला सावकाश, सरळ जायला सांगितलं.

स्टेशन डायरीत लिहिलं, 'संशय निराधार.' चौकशीत गप्प बसणाऱ्याला मी त्या दिवसापासून आधी विचारू लागलो, "काय रे, कुणासाठी?"

साखरपुड्याला आग्रहाचं आमंत्रण होतं. फोटो पाहून मुलीच्या चेहऱ्यावर हसू मावेना. मास्तर मात्र बारकाईनं बघत म्हणाले, "जावईबापू, वरची रेघ लई सरळ काढली हो. पण तिच्यात हा लाल-निळा रंग कुठून आला?"

मी मुकाट्यानं जिलेबी खात होतो.